पाऊण वार

माझगावच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
बाकं भिंतीला सरकवून मधोमध उभा केलाय
फ्रिजचा रिकामा खोका. वर काळं कापड.
कापड माझंच, बुरख्यांच्या ठाणातलं उरलेलं.

हा काबा समजा, म्हणाले सरखोत सर.
पूर्वी भूगोल शिकवायचे, आता हजला जाणाऱ्यांना शिकवतात.
डाव्या हाताला ठेवा आणि फिरा. सात फेरे.
काळ्या दगडापासून सुरू, तिथंच पुरे.
आम्ही चाळीस म्हातारे खोक्याभोवती.
बदरुन माझ्यापुढे, एक हात गुडघ्यावर,
तिसऱ्याच फेऱ्याला मागे वळून विचारते, चौथा ना?
शंका आली तर कमी धरा, म्हणतात सर.

कमी धरा.
मी जन्मभर उलटं केलं.
अडीच वार लागायचं, तीन सांगितलं.

पुरुषांना दोन चादरी. विमानातच नियत करायची,
यलमलमची हद्द यायच्या आत.
कडेला दुमड चालेल, पण अंगाच्या बेताचं काही नको.
बाही नको, काज नको, बटण नको.
बायकांनी नेहमीचेच कपडे, चेहरा तेवढा उघडा.
पन्नास वर्षं ज्याला गल्ली मास्तर म्हणते
तो वहीत उतरवून घेतो:
अत्तर नाही. नखं कापायची नाहीत, केस तोडायचा नाही.
शिकार नाही. भांडण नाही.
सर, मुंगी चावली तर? हुसैन बंदरकर विचारतो.
फुंकर मार.

सफा ते मरवा सात खेपा,
हाजराबीबी पाण्यासाठी धावली तशा.
मग मिनाचे तंबू. मग नऊ जिलहज, अराफात.
तिथं विशेष काही करायचंच नसतं, सर खडू खाली ठेवतात,
दुपार कलल्यापासून सूर्य बुडेपर्यंत थांबायचं. मागायचं.
ते चुकलं तर हजच नाही.
रात्री मुजदलिफात खडे वेचा, हरभऱ्याएवढे,
मोठा धोंडा मारलात म्हणून सैतानाला जास्त लागत नाही.
मग कुर्बानी, मग डोकं भादरणं,
बायकांची पेराएवढी बट, आणि पुन्हा काबा.

फळ्यावर शेवटी एकच ओळ, खाली दोन रेघा:
निघण्याआधी माणसांचं देणं फेडा.
अल्लाचं अल्ला बघेल. माणसाचं माणसाकडेच.

दुकानाच्या पोटमाळ्यावर एक ट्रंक आहे.
त्यात तुकडे. प्रत्येकाचं गिऱ्हाईक मला आठवतं असं वाटायचं.
टेरीकॉट, पाव वार, बँकेतले कुळकर्णी.
ते गेले. मुलगा फोनवर हसला, म्हणाला, काका, असू दे हो.
पांढरं सॅटिन, पाऊण वार,
सेराफिना मिस्किटा, लग्नाचा गाऊन, सत्त्याऐंशी साल.
त्याचा तुकडा मात्र ट्रंकेत नाही.
त्याचा रुकय्याचा ईदचा फ्रॉक झाला होता.

मातारपाखाडीत तिच्या लाकडी जिन्याखाली उभं राहून सांगितलं.
ती हसली नाही.
पोराच्या बाप्तिस्म्याला टोपी करायची होती मला त्याची.
तू म्हणालास, पुरलंच नाही.
हो, म्हटलं.
आजचा भाव काय?
सांगितला.
तिनं नोटा मोजून घेतल्या. दोनदा.
मग म्हणाली, वर ये, चहा ठेवते.
माफ केलं असं म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.
चहात साखर फार होती.

उरलेल्या एकवीस तुकड्यांची नावं लागत नाहीत.
सर म्हणाले, त्यांच्या नावानं सदका कर.
कोणाच्या नावानं, तेच तर आठवत नाही, सर.
ते म्हणाले, त्याला माहीत आहे.

काल रात्री बदरुन म्हणाली, एकदा गुंडाळून तर बघ.
दुकानाचं शटर अर्धं ओढून
गिऱ्हाइकांच्या आरशासमोर उभा राहिलो
कुणीच माप न घेतलेल्या दोन चादरींत.
खालची चादर डावीकडे चार बोटं लोंबत होती.
हात सवयीनं टेप काढायला खिशाकडे गेला.

खिसा नव्हता.